करारावरचा खेळाडू
महाराष्ट्रातल्या खालच्या फळीच्या फुटबॉलचा एक इतिहास

सायखेड्याहून चांदोरीकडे जायला गोदावरीवर पूल आहे. २०१६ आणि २०१९ या दोन्ही वर्षी ऑगस्टच्या पुरात त्याच्यावरून पाणी गेले, तेव्हाची छायाचित्रे वर्तमानपत्रांत आली होती. पाणी ओसरले की काठालगतच्या सपाटीवर गाळाचा थर बसतो. दिवाळीपर्यंत तो वाळून घट्ट होतो आणि मग पोरे त्यावर चार बांबू रोवून गोल तयार करतात. मी गावात शारीरिक शिक्षणाचा शिक्षक होतो. माझ्या उमेदीच्या काळात या सपाटीवर कबड्डी, खो-खो आणि क्रिकेट एवढेच चाले. फुटबॉल नंतर आला. आधी दूरचित्रवाणीवर, मग मोबाइलवर, मग पायात.

मागच्या वर्षीच्या हिवाळ्यात एक शेतकरी माझ्याकडे आले. त्यांचा मुलगा माझ्या हाताखाली खेळलेला. सोळा-सतरा वर्षांचा, डाव्या पायाचा, बचावफळीत खेळणारा. पुण्यात एका निवड चाचणीत त्याची निवड झाली होती. गृहस्थ सायखेड्याच्या उपबाजारात कांदा विकून थेट माझ्या ओट्यावर आले होते, कपड्यांना कांद्याचा वास होता. चहा झाल्यावर म्हणाले, "सर, पोरगं लई वर जाईल असं मला वाटत नाही. तुम्हीच एकदा म्हणाला होता, बरा खेळतो, पण भारताकडून खेळंल असा नाही. मंग बऱ्या खेळणाऱ्याला त्यात भाकरी हाये का? तेवढं सांगा."

मी आठ दिवसांची मुदत मागितली आणि ती पाळू शकलो नाही. कारण प्रश्न सोपा नव्हता. छेत्री किंवा भुतियाविषयी कोणी विचारले असते तर उत्तर तयार होते. हा प्रश्न होता बऱ्या खेळाडूचा. जो दुसऱ्या-तिसऱ्या श्रेणीच्या संघात दहा-बारा वर्षे खेळेल, ज्याचे नाव आपल्या पेठेपलीकडे कोणाला माहीत नसेल, त्याचा. अशा खेळाडूचा इतिहास कोणी लिहीत नाही. पण खेळ उभा असतो तो त्याच्यावर. तो इतिहास मी वर्षभर जुळवत राहिलो. त्यातून जे हाती लागले ते येथे मांडतो.

*

'व्यावसायिक खेळाडू' ही कल्पना मुळात इंग्लंडातली. तिथल्या फुटबॉल असोसिएशनने १८८५ साली खेळाडूला पैसे देणे अधिकृत केले. त्याआधी पैसे दिले जात, पण चोरून. मँचेस्टर-ब्लॅकबर्नकडच्या गिरणगावांतले क्लब स्कॉटलंडहून खेळाडू आणत, त्यांना नावापुरते काम देत आणि खेळाचे पैसे हातावर टेकवत. १८८८ साली १२ क्लबांनी मिळून फुटबॉल लीग सुरू केली. लीगचे प्रयोजन अगदी व्यवहारी होते. आठवड्याचा पगार द्यायचा तर दर आठवड्याला तिकीट विकले गेले पाहिजे, आणि त्यासाठी सामन्यांचे वेळापत्रक आधी ठरलेले हवे. १९२० साली तिसरी श्रेणी आली, पुढच्याच वर्षी तिचे उत्तर आणि दक्षिण असे दोन भाग झाले, आणि १९५८ साली चौथी श्रेणी निघाली. चार श्रेणी, ९२ क्लब, आणि प्रत्येक क्लबात पगारी खेळाडू. खालच्या श्रेणीतला व्यावसायिक फुटबॉलपटू हा सुतार, लोहार किंवा गिरणी कामगारासारखा एक कसबी माणूस म्हणून तिथे उभा राहिला.

त्याची स्थिती फार सुखाची होती असे समजू नये. १९०१ साली खेळाडूच्या वेतनावर आठवड्याला ४ पौंडांची कमाल मर्यादा घालण्यात आली. ती वाढत वाढत २० पौंडांवर गेली आणि १९६१ साली, खेळाडूंच्या संघटनेने संपाची तयारी केल्यावर, रद्द झाली. त्याहून जाचक होती ती खेळाडू अडवून धरण्याची पद्धत. करार संपला तरी क्लब खेळाडूची नोंदणी स्वतःकडे ठेवू शके. मग पगार नाही आणि दुसरीकडे खेळताही येत नाही. जॉर्ज ईस्टहॅम या खेळाडूने न्यूकॅसल क्लबविरुद्ध दावा लावला आणि १९६३ साली न्यायालयाने ही पद्धत व्यवसायावर गैरवाजवी बंधन घालणारी ठरवली. म्हणजे जिथे हा व्यवसाय जन्मला तिथेही खेळाडूला मोकळे व्हायला पाऊणशे वर्षे लागली. पण लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी, की भांडायला त्याच्याजवळ तीन गोष्टी होत्या : खेळायला लीग, नावाने क्लब, आणि १९०७ पासूनची संघटना.

*

आपल्याकडे फुटबॉल पलटणींबरोबर आला. मुंबईत उतरलेल्या गोऱ्या पलटणी पुढे जाण्याआधी आमच्या जिल्ह्यातल्या देवळालीच्या छावणीत थांबत. खेळ त्यांच्या सामानाबरोबर प्रवास करत असे. मुंबईची रोव्हर्स कप स्पर्धा १८९१ पासूनची. पहिले विजेतेपद वूस्टरशायर रेजिमेंटने घेतले, आणि पुढची साडेचार दशके तो चषक गोऱ्यांच्या संघांकडेच राहिला. १९३७ साली बेंगळूरच्या बेंगलोर मुस्लिम्स संघाने तो जिंकला, तेव्हा प्रथमच हिंदी संघाचे नाव त्यावर कोरले गेले. १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे हैदराबाद सिटी पोलीस संघ रोव्हर्स जिंकत राहिला. या संघाचे शिक्षक सय्यद अब्दुल रहीम. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारताला चौथ्या स्थानापर्यंत नेणारे तेच.

या नावांपेक्षा त्या संघाच्या नावातला एक शब्द मला महत्त्वाचा वाटतो : पोलीस. संघातली माणसे पोलीस खात्यात नोकरीला होती. त्यांचा पगार खेळाचा नव्हता, खात्याचा होता. भारतीय फुटबॉलची खरी व्यवस्था इथे दिसते. कागदोपत्री सगळे हौशी, आणि पोटापाण्याला नोकरी. खेळाडूला खेळण्यासाठी पगार नाही, तर खेळतो म्हणून नोकरी.

मुंबईने ही व्यवस्था सर्वांत मोठ्या प्रमाणावर राबवली. मध्य आणि पश्चिम रेल्वे, टाटा, कॅल्टेक्स, मफतलाल आणि ऑर्के या गिरण्या, महिंद्र, एअर इंडिया, बँका, राष्ट्रीय केमिकल्स. शहराच्या उद्योगांची यादी करावी तशी ही संघांची यादी होते. मेलबर्नला ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल करणारा नेव्हिल डिसूझा याच मुंबई फुटबॉलचा. शिक्षणासाठी दोन वर्षे मी मुंबईत होतो तेव्हा रविवारी कूपरेजला जाऊन बसायचो. हार्वूड लीगचे सामने चालत. माझ्या शेजारी बसलेला माणूस मैदानातल्या उजव्या बगलेच्या खेळाडूला नावाने हाक मारी आणि मला सांगे, "हा आमच्या बँकेत पासबुक भरतो." त्याच्या बोलण्यात चेष्टा नव्हती, अभिमान होता. सकाळी सराव, दुपारी खिडकीवर बसणे, सामन्याच्या दिवशी रजा न कापता सुट्टी, आणि पाय थकले की पूर्णवेळ त्याच खिडकीवर. खेळ तिशीत संपे, नोकरी अठ्ठावन्नाव्या वर्षापर्यंत चाले. शेवटी प्रॉव्हिडंट फंड आणि ग्रॅच्युइटी.

या व्यवस्थेवर टीका पुष्कळ झाली आणि ती खोटी नव्हती. नोकरी पक्की झाली की सराव ढिला होतो, वरिष्ठांच्या मर्जीवर संघ ठरतो, कंपनीच्या संघाला गावाचा पाठीराखा मिळत नाही, असे म्हटले जाई. गिरण्यांच्या बाबतीत तर पायाच खचला. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले आणि त्यानंतर गिरणगाव पूर्वीचे राहिले नाही. ज्या उद्योगाच्या आधारावर खेळाडू उभा होता तो उद्योग हलला, की खेळाडूही हलणार. तरीही बऱ्या खेळाडूच्या बाजूने पाहिले तर या व्यवस्थेत एक गोष्ट होती. त्याचा गुडघा गेला तरी त्याची चूल विझत नव्हती.

*

१९९६-९७ साली राष्ट्रीय फुटबॉल लीग सुरू झाली. पहिले विजेतेपद फगवाड्याच्या जेसीटी या गिरणीच्या संघाने मिळवले. म्हणजे नव्या युगाचा पहिला विजेता जुन्या युगातलाच होता. २००५-०६ साली महिंद्र युनायटेड विजेता ठरला. २००७ साली लीगचे नाव आय-लीग झाले आणि व्यावसायिकतेचा आग्रह वाढला. आशियाई महासंघाच्या निकषांनुसार क्लबाला परवाना हवा, त्यासाठी क्लब ही स्वतंत्र कायदेशीर संस्था हवी, तिचे हिशेब वेगळे हवेत, वयोगटांचे संघ हवेत. निकष वाजवी होते. पण खात्याचा संघ त्यात बसत नव्हता, कारण खाते हे काही क्लब नव्हे.

घटना भराभर घडल्या. २०१० साली महिंद्र कंपनीने आपला संघ बंद केला. १९६२ पासून चाललेला संघ, राष्ट्रीय विजेतेपद घेऊन चार वर्षे झाली होती. २०११ साली जेसीटीने दार लावले. २०१३ साली परवान्याच्या निकषांवर एअर इंडिया आणि ओएनजीसी हे दोन्ही संघ आय-लीगमधून बाहेर गेले. आमच्या निफाड तालुक्यात ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना आहे. १९६४ पासून मिग विमानांमुळे तो ओळखला जातो, आणि या भागात 'एचएएलला लागला' म्हणजे पोराचे भले झाले असे मानतात. त्याच कंपनीचा बेंगळूरचा संघ २०१०-११ आणि २०११-१२ असे दोन हंगाम आय-लीगमध्ये खेळला आणि मग खाली गेला. सायखेड्यात ही गोष्ट कोणालाच ठाऊक नव्हती. मीही ती या शोधात वाचली.

नोकरीवाले संघ गेले, त्यांची जागा करारवाल्या क्लबांनी घेतली. या बदलाचा सर्वांत स्वच्छ नमुना पुण्यात पाहायला मिळतो. पुणे एफसी २००७ साली निघाला, द्वितीय श्रेणीतून वर येऊन २००९-१० पासून आय-लीग खेळला आणि २०१२-१३ साली देशात दुसरा आला. त्याची प्रबोधिनी देशातल्या चांगल्या प्रबोधिन्यांत गणली जाई. २०१४-१५ चा हंगाम त्याचा शेवटचा. त्याच हंगामात भारत एफसी हा दुसरा क्लब आय-लीगमध्ये उतरला आणि एकच वर्ष खेळून बंद झाला. मग डीएसके शिवाजीयन्स आला, २०१५-१६ आणि २०१६-१७ असे दोन हंगाम खेळला आणि गेला. इंडियन सुपर लीगमधला एफसी पुणे सिटी २०१४ ते २०१९ एवढा टिकला. त्याची जागा हैदराबादच्या नव्या क्लबाने घेतली. मुंबईत मुंबई एफसी २००७ साली सुरू झाला, नऊ हंगाम आय-लीगमध्ये तग धरून राहिला, २०१६-१७ साली तळाला गेला आणि खालच्या श्रेणीत खेळण्याऐवजी बंदच झाला.

२०१५ ते २०१९ या काळात महाराष्ट्रातले पाच क्लब नाहीसे झाले. एका संघात साधारण २५ ते ३० खेळाडू धरले, तर सव्वाशे-दीडशे जणांच्या पायाखालची जमीन निघाली. त्यांतले वरचे दहा-वीस दुसऱ्या क्लबांनी उचलले. बाकीचे बरे खेळाडू होते.

इथे जुन्या आणि नव्या व्यवस्थेतला फरक एका कायद्यावरून नीट कळतो. १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्यात सलग ५ वर्षांच्या नोकरीची अट होती. बँकेतला खेळाडू ती सहज ओलांडी. करारावरचा खेळाडू दर हंगामाला नवा करार करतो, दोन-तीन वर्षांनी क्लब बदलतो, आणि मधले काही महिने तर कोणाचाच नसतो. त्याची बारा वर्षांची कारकीर्द बारा तुकड्यांची असते, आणि त्यांतला एकही तुकडा त्याच्या म्हातारपणाला पुरणारा नसतो.

*

एकाच माणसाच्या कारकिर्दीत हा सगळा इतिहास पाहायचा असेल तर खालिद जमीलकडे पाहावे. कुवेतमध्ये जन्मलेला हा खेळाडू मुंबईत घडला. महिंद्र, एअर इंडिया, पुन्हा महिंद्र आणि शेवटी मुंबई एफसी. कंपनीचा संघ, सरकारी आस्थापनेचा संघ आणि करारावरचा क्लब, असे तिन्ही प्रकार त्याने पाहिले. देशाकडून तो खेळला, पण दुखापतींनी त्याची वर्षे खाल्ली. मग २००९ पासून तो मुंबई एफसीचा प्रशिक्षक झाला आणि तुटपुंज्या साधनांत त्या संघाला वर्षानुवर्षे तळापासून वाचवत राहिला. तो गेला आणि पुढच्याच हंगामात मुंबई एफसी खाली घसरला. तो मात्र त्या हंगामात मिझोरमच्या आयझॉल क्लबाला आय-लीगचे विजेतेपद देऊन बसला होता. ऑगस्ट २०२५ मध्ये तो भारताचा मुख्य प्रशिक्षक झाला. पण त्याच्याबरोबर खेळलेल्यांतले किती जण असे पोचले असतील, हा प्रश्न त्या शेतकऱ्याच्या प्रश्नाच्या जवळचा आहे.

गोव्यातही थोडीफार तीच कथा. तिथे संघ चालवले खाणमालक उद्योगांनी. धेंपो क्लबाने पाच राष्ट्रीय विजेतेपदे घेतली. २०१२ साली गोव्यातल्या खाणी थांबल्या. २०१६ साली महासंघाच्या नव्या आराखड्यात आय-लीगचा दर्जा खाली जाणार हे दिसू लागले, तेव्हा धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग या तिघांनी त्या लीगमधून अंग काढून घेतले. आयझॉलला, आधीच्या वर्षी खाली घसरूनही, पुन्हा जागा मिळाली ती त्यामुळेच. एकाच्या माघारीतून दुसऱ्याचे विजेतेपद निघाले.

*

'आपल्याकडे क्लब बुडतात, विलायतेत बुडत नाहीत' असे मला वाटत होते. तेही खरे नाही. भाईचुंग भुतिया १९९९ साली इंग्लंडमधल्या बरी या क्लबाकडे गेला. आपल्या वर्तमानपत्रांनी तेव्हा त्याचे मोठे कौतुक केले, पण बरी हा तिसऱ्या पायरीवरचा क्लब होता. भुतियाने तिथे लीगचे ३७ सामने खेळून ३ गोल केले. दुखापती झाल्या, क्लब आणखी एक पायरी खाली गेला, तिजोरी रिकामी झाली. २००२ साली तो परत आला. भारतातला सर्वोत्तम खेळाडू इंग्लंडात तीन वर्षे खालच्या फळीतला व्यावसायिक होता, असे त्याचे सरळ वर्णन करता येईल, आणि त्यात कमीपणा काही नाही.

बरी क्लब १८८५ सालचा, म्हणजे इंग्लंडात व्यावसायिकता अधिकृत झाली त्याच वर्षीचा. १९०० आणि १९०३ साली त्याने एफए कप जिंकला होता. ऑगस्ट २०१९ मध्ये कर्ज आणि गैरव्यवस्थापनामुळे त्याला लीगमधून काढून टाकण्यात आले. एफसी पुणे सिटीही त्याच वर्षी गेला. पुढे मात्र दोन्ही गावांच्या वाटा वेगळ्या झाल्या. बरीतल्या पाठीराख्यांनी आपला वेगळा संघ उभा केला, खूप खालच्या पायरीवरून खेळायला सुरुवात केली, आणि २०२३ साली दोन्ही गट एकत्र येऊन जुन्या गिग लेन मैदानावर पुन्हा बरी एफसी या नावाने सामने होऊ लागले. पुण्यात तसे काही झाले नाही. क्लब गेला तेव्हा रडायला खेळाडू होते आणि थोडे निष्ठावंत प्रेक्षक होते, पण क्लब आपला म्हणून परत मागणारे गाव नव्हते.

गाव असलेला फुटबॉल महाराष्ट्रात आहे तो कोल्हापुरात. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब. पेठ आणि तालीम यांच्या नावाने संघ उभे आहेत आणि शाहू स्टेडियमवर त्यांच्या सामन्यांना जी गर्दी लोटते तिचा आपल्या मोठ्या लीगच्या अनेक क्लबांना हेवा वाटावा. कुस्तीची तालीम हीच फुटबॉलची तालीम झाली, त्यामुळे संघाला मालक नाही, पेठ आहे. मालक कंटाळतो, पेठ कंटाळत नाही. याच मैदानातून पुढे आलेला अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला.

पण कोल्हापूरचे चित्रही पुरते गोड नाही. पेठेची ईर्षा कधी हाणामारीपर्यंत जाते आणि सामने थांबवावे लागतात. चुरशीसाठी परदेशी खेळाडू आणले जातात, त्यांच्यावर खर्च होतो. आणि मूळ प्रश्न तसाच राहतो : तालीम खेळाडूला मान देते, मानधनही देते, पण वर्षभराचा पगार देत नाही. दिवसा दुकान, रिक्षा, कारखाना, आणि संध्याकाळी सराव. टिकणारा क्लब पगार देत नाही आणि पगार देणारा क्लब टिकत नाही. महाराष्ट्रातला बरा खेळाडू या दोन्हींच्या मध्ये उभा आहे.

*

मी त्या शेतकऱ्याकडे गेलो तेव्हा उन्हाळ कांदा चाळीत भरणे चालू होते. मुलगाही पाट्या वाहत होता. बांधावर बसून मी सांगितले ते थोडक्यात असे.

भाकरी आहे, पण ती हंगामाची आहे. २०२४-२५ च्या हंगामात देशात सुपर लीग, तिच्याखाली आय-लीग, मग तिची दुसरी आणि तिसरी श्रेणी, आणि राज्यांच्या लीग अशी उतरंड होती. २०२२-२३ पासून आय-लीगचा विजेता वर जाऊ लागला; त्याच हंगामात मुंबईचा केंकरे क्लब आय-लीगमधून खाली गेला. पायऱ्या तयार झाल्या ही चांगली गोष्ट आहे. पण २०२५ साली महासंघ आणि व्यापारी भागीदार यांच्यातला करार संपत आल्यावर वरच्या लीगचाच हंगाम वेळेवर सुरू होऊ शकला नाही आणि तिथल्या खेळाडूंचेही पगार अडले. वरच्या मजल्यावर ही गत, तर तळमजल्याचे विचारूच नये.

म्हणून तीन गोष्टी. करार कितीही छोटा असो, कागदावर हवा, सहीची प्रत आपल्याकडे हवी आणि दुखापत झाली तर खर्च कोणाचा हे त्यात लिहिलेले हवे. तोंडी शब्दावर महासंघाची समिती काही करू शकत नाही, आणि खेळाडूंची संघटनाही कागदच मागते. दुसरे, कॉलेज सोडायचे नाही. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे, रेल्वेत आणि पोलिसांत भरती होते, पण तिथे प्रमाणपत्राबरोबर शिक्षणही विचारतात. जुनी नोकरीवाली व्यवस्था मोठ्या लीगमधून गेली असली तरी तिचा एक दरवाजा अजून किलकिला आहे. तिसरे, तिशीनंतर काय, हे विसाव्या वर्षी ठरवायचे. प्रशिक्षकाचा परवाना, पंचाची परीक्षा, नाहीतर ही जमीन.

ते गृहस्थ ऐकत होते. म्हणाले, "म्हणजे कांद्यावाणीच झालं. पिकवायचं आपण, भाव दुसऱ्याच्या हातात." मग चाळीकडे बघून म्हणाले, "पण कांदा पाच-सहा महिने ठेवता तरी येतो. पोराचे पाय कुठं ठेवायचे?"

याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. मी एवढेच म्हणालो, की ज्या पिकाचा भाव आपल्या हातात नाही ते आपण दरवर्षी लावतोच. ते हसले. त्यांना ते पटले असे मात्र मला वाटले नाही.

बारावीचा निकाल लागल्यावर मुलगा पुण्याला गेला. तिथल्या एका महाविद्यालयात कला शाखेला त्याने नाव घातले, हे त्याच्या वडिलांनी मला फोन करून मुद्दाम सांगितले. क्लबाचा कागद सही करण्याआधी त्याने माझ्याकडे पाठवला. दहा महिन्यांचा करार. पगाराचा आकडा ओझरच्या कारखान्यातल्या नव्या कामगारापेक्षा कमी होता आणि दुखापतीचे कलम त्यात नव्हते. मी ते लाल शाईने लिहून परत पाठवले. चार दिवसांनी सुधारलेला कागद आला. त्यात ते कलम होते, आमच्या शब्दांपेक्षा थोडे पातळ, पण होते.

यंदा पुलावरून पाणी गेले नाही. सपाटीवर गाळ नाही, धूळ आहे. मुलाच्या मागची पोरे तिथे खेळतात आणि त्यांतला एक जण डावा पाय मुद्दाम वापरायला शिकतो आहे. संध्याकाळी मी तिथे जाऊन बसतो. घरी लोखंडी पेटीत माझ्या निवृत्तीच्या कागदांबरोबर त्या दहा महिन्यांच्या कराराची झेरॉक्स ठेवली आहे. मार्चअखेर तो संपेल, तेव्हा पुढचा कागद येतो का ते पाहायचे.